रुजू होताना

सरकारी दप्तरांतून आणि कारखान्यांच्या हजेरीपटांवर रोज शेकडो वेळा लिहिला जाणारा ‘रुजू’ हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की तो मुळात अरबी असून फारसीच्या वाटेने आपल्या कारभारी मराठीत आला, आणि परत येणे, मागे वळणे हा त्याचा मूळ अर्थ आहे, याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. त्याचा सोबती ‘रजा’ हा शब्दही तिकडचाच. त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी. दुसऱ्याच्या संमतीने मनुष्य कामापासून दूर जातो आणि यथाकाल परत वळतो, एवढा साधा व्यवहार या दोन शब्दांत सामावलेला आहे. नाशिकच्या एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी पस्तीस वर्षे या दोन शब्दांमधली जागा कागदावर भरून काढली. अर्जित रजा किती शिल्लक, अर्धपगारी किती, परिवर्तित किती, वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे किंवा कसे, सबब मंजुरीस हरकत नसावी, अशा टिप्पण्या लिहिण्यात माझी उमेद गेली. त्या मधल्या जागेत माणसाचे काय होते हे मात्र मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळले, जेव्हा स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन आटोपून माझ्या स्वतःच्या नावाची नस्ती माझ्याच शाखेच्या मेजावर आली.

माझ्या नावाची ती पहिली नस्ती नव्हती. पंचविशीत, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षे झालेली असताना, मला तीव्र विषादाने गाठले होते. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, सही करण्यापुरताही हात उचलेनासा झाला, आणि थोरल्या भावाने धरून नेले म्हणून मी मनोविकारतज्ज्ञांकडे पोचले. चार महिन्यांची रजा, दीड वर्षाची औषधे आणि मग पूर्ववत काम, असा तो प्रकार झाला. त्या वेळचा दाखला, आजाराच्या नावासह, माझ्या सेवापुस्तकाच्या पाठीशी टाचून ठेवलेला होता. पुढील सव्वीस वर्षांत मी दोन बढत्या घेतल्या, संसार केला, सासूबाईंचे अखेरचे दुखणे काढले; तो कागद कोणी उघडून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कर्करोगानंतर मी रुजू झाले आणि पंधरा दिवसांच्या आत तो उघडला गेला.

प्रस्तुत पुस्तकात ज्यांनी लिहिले आहे त्या सर्वांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत: आधी केव्हातरी मनाचा आजार, मग कर्करोग, आणि त्यानंतर कामावर परतण्याचा प्रसंग. कर्करोगावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, मनोविकारांवरही गेल्या तीनचार दशकांत जाणकारांनी निष्ठेने लिहिले आहे. परंतु ज्याच्या वाट्याला दोन्ही आले त्याला आपले निम्मे दुखणे एका पुस्तकात आणि निम्मे दुसऱ्यात शोधावे लागते. त्यातून तो नोकरदार असेल, तर रजेचे नियम हे तिसरे पुस्तक. ती तिन्ही एका ठिकाणी आणावीत, या हेतूने हे लेखन गोळा झाले.

आपल्याकडे या दोन्ही रोगांची नावे उच्चारण्याऐवजी गावांची व वास्तूंची नावे घेण्याची रूढी पडली आहे, आणि तिचा इतिहास उद्बोधक आहे. ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले की नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात पुढचे विचारावे लागत नाही. परळचे ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उघडले, १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले, आणि कसाऱ्याचा घाट उतरून तेथे जाणाऱ्या रोग्यांच्या दोनतीन पिढ्यांनी त्या आडनावालाच रोगाचे नाव करून टाकले. दुसरे नाव ठाण्याचे. महाराष्ट्रात मनोरुग्णांसाठी सरकारने चालवलेली चार मोठी रुग्णालये नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथे आहेत. पैकी ठाण्याचे १९०१ सालचे. त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ हे शब्द आपल्या बोलण्यात शिवीसारखे रुळले. पहाटेच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलेल्या माणसाला आधी ठाणे लागते आणि मग परळला जाण्यासाठी दादर. माझ्या पहिल्या तपासणीच्या प्रवासात गाडी ठाण्याच्या फलाटावर थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहण्याचे टाळले, आणि दादरला उतरताना मात्र शेजारच्या बाईंनी विचारताच ‘टाटाला चालले आहे’ असे मोकळेपणाने सांगितले. एका आजाराला सहानुभूती मिळते, दुसऱ्याला मिळत नाही, हे मी त्या क्षणी स्वतःच मान्य करून बसले होते.

कर्करोगालाही ही सहानुभूती पूर्वीपासून मिळत होती असे नव्हे. १९६१ साली अमेरिकेतील डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा त्यांतील सुमारे ९० टक्के जणांनी कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगणेच आपण पसंत करतो असे नमूद केले. १९७९ साली तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे झाले होते. अठरा वर्षांत एवढे मोठे परिवर्तन घडले, आणि त्यातूनच एक नवी विद्या जन्मास आली. रोग्याला नाव कळू लागले तेव्हा ते कळल्यावर त्याच्या मनाचे काय होते हे विचारणे अपरिहार्य झाले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात १९७७ साली डॉ. जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी केवळ कर्करोग्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी विभाग उभा केला. चिंता, नैराश्य असे शब्द ऐकताच माणसे अंग चोरतात हे ओळखून या शाखेने ‘क्लेश’ या अर्थाचा एक साधा शब्द स्वीकारला, आणि तापमापकाच्या आकृतीवर शून्य ते दहा अशा खुणा करून गेल्या आठवड्यात तुम्हांस किती क्लेश झाले एवढेच विचारण्याची रीत नव्वदच्या दशकाअखेरीस रूढ केली. मला ही युक्ती फार आवडते. आमच्याकडे ‘मनावर घेऊ नका’ आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, ‘दहापैकी किती?’ असे विचारणारा एकच डॉक्टर मला भेटला, आणि मी ‘आठ’ म्हणाले तेव्हा त्याने लेखणी खाली ठेवली.

चौदा देशांतील सत्तर अभ्यास एकत्र करून २०११ साली काढलेला निष्कर्ष असा की कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना, म्हणजे सहांपैकी एकाला, वैद्यकीय कसोटीस उतरेल असे नैराश्य असते. उरलेल्या पाचांना दुःख नसते असे नाही. त्यांतील बहुतेकांचे दुःख शोकाच्या स्वाभाविक मर्यादेत राहते. हा भेद ज्याला पूर्वी मनोविकार होऊन गेला आहे त्याच्या बाबतीत फार जपून पाहावा लागतो, कारण त्याच्या प्रत्येक अश्रूला जुन्या आजाराचे नाव देण्यास सर्वजण उत्सुक असतात आणि सर्वांत अधिक तो स्वतः.

जुना मनोविकार कोणाला सांगावा आणि कोणाला सांगू नये, हा या पुस्तकाचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि माझे मत मी येथे निःसंदिग्धपणे नोंदवते. कर्करोगाच्या डॉक्टरला तो पहिल्याच भेटीत, औषधांच्या नावांसकट, सांगितलाच पाहिजे; कार्यालयाला सांगावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हातून नेमके उलट घडते. कार्यालयात तो जुन्या कागदांमुळे सर्वांना ठाऊक असतो, आणि डॉक्टरपुढे, ‘कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरला आपल्या डोक्याच्या गोळ्यांचे काय सांगायचे’ या संकोचाने, गिळून टाकला जातो.

हा संकोच किती महाग पडू शकतो हे तपशिलाने सांगितलेले बरे. स्तनाच्या कर्करोगात अनेक स्त्रियांना वर्षानुवर्षे टॅमॉक्सिफेन ही गोळी घ्यावी लागते. ही गोळी यकृतातील एका विकराच्या साहाय्याने आपल्या खऱ्या प्रभावी रूपात येते, आणि नैराश्यावरील पॅरॉक्सेटीन व फ्लुऑक्सेटीन ही दोन सर्वपरिचित औषधे त्याच विकराला अडवून धरतात. नैराश्यावर दुसरी औषधे उपलब्ध असल्याने बदल करणे बहुधा कठीण नसते. पण बदल करायला हवा हे कळण्यासाठी एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी दिसावी लागते. स्किझोफ्रेनियावरील क्लोझापीन रक्तातील पांढऱ्या पेशी कमी करू शकते, आणि केमोथेरपीही तेच करते. लिथियमवर असलेल्या माणसाला मूत्रपिंडावर ताण आणणारे सिस्प्लॅटिन द्यायचे झाल्यास रक्तातील लिथियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. यांतील कोणतेही औषध रोग्याने आपल्या मनाने बंद करू नये. दोन डॉक्टरांची गाठ घालून द्यावी, ते होत नसेल तर दोघांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवून दोघांपुढेही ती पिशवी उपडी करावी.

केमोथेरपीसोबत उलटी व ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बहुधा देतात. त्याने मला प्रत्येक खेपेस दोन रात्री लख्ख जाग येई, मी मध्यरात्री उठून फडताळे आवरी, आणि ते थांबले की तिसऱ्या दिवशी मन खोल विहिरीत उतरे. पंचविशीतल्या आजाराने मला जी भीती शिकवली होती ती अशी उसळून आली की मी घरच्यांना सांगून टाकले, माझे जुने परत आले. आमच्या डॉक्टरांनी दिवसांची मोजणी करून, हे औषधाचे काम आहे व पाचव्या दिवशी ओसरेल, असे दाखवून दिले. आणि ते ओसरले. कारण कळल्याने यातना कमी होत नाही, पण तिला मुदत लाभते.

आता दप्तराकडे वळते, कारण माझा अधिकार तेथला. कर्करोग आणि मानसिक आजार यांना एका ओळीत बसवण्याचे काम वैद्यकाच्या पुस्तकांनी करण्याआधी आपल्या रजेच्या नियमांनी केले होते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. केंद्रीय नागरी सेवांच्या १९७२ च्या रजा नियमांत, कायम न झालेल्या कर्मचाऱ्याला असाधारण रजा किती काळ देता येईल हे सांगताना, क्षय आणि कुष्ठ यांच्या बरोबरीने कर्करोग व मानसिक आजार यांचा उल्लेख आहे. नाशिकरोडला १९२५ पासून चालत आलेले सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ चे करन्सी नोट प्रेस, हे दोन्ही २००६ साली महामंडळाकडे जाईपर्यंत थेट केंद्र सरकारचे कारखाने होते, त्यामुळे या शहरातल्या हजारो घरांत हे नियम परवचासारखे पाठ होते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांचा संबंध कामगार राज्य विमा योजनेशी. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत साधारण आजारासाठी ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते, आणि ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीतील आजार असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढून ८० टक्के वेतन मिळू शकते. त्या यादीत कर्करोग आहे, आणि स्किझोफ्रेनिया व तीव्र विषादासारखे मनोविकारही आहेत. त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने, आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नसे. दोन वर्षांपर्यंतच्या वाढीव लाभाला अट एवढीच की दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीचे ठराविक दिवस भरलेले असावेत. कंत्राटदार बदलला की खंड पडणाऱ्या कामगाराला हा लाभ डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही, आणि आज वसाहतींत अशांची संख्या मोठी आहे.

परतल्यानंतर मात्र कायदा मौन धरतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपातीची व्याख्या केली तेव्हा सततच्या अनारोग्यामुळे सेवा संपवणे हे त्या व्याख्येतून वगळले, म्हणजे कपातीची भरपाईही त्याला लागू राहिली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांत नोकरीच्या काळात दिव्यांगत्व आलेल्यास काढता येणार नाही, पदावनतही करता येणार नाही, असे ठरवले. त्यातील एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे, कर्करोग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्या मनोविकाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. माझ्या सेवापुस्तकाला टाचलेला तो दाखला या कायद्याच्या पुष्कळ आधीचा. पण असे किती कागद अजून किती सेवापुस्तकांत असतील याचा विचार आला की मला, ज्या हातांनी मी स्वतः इतरांचे असे कागद टाचले, त्या हातांकडे पाहावेसे वाटत नाही.

रुजू होताना जो दाखला द्यावा लागतो त्याचा नमुना मी शेकडो वेळा हाताळला आहे. सदर कर्मचारी आजारातून बरा झाला असून कर्तव्यावर हजर होण्यास योग्य आहे, एवढाच त्याचा आशय; योग्य किंवा अयोग्य, तिसरी जागा नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली डॉक्टरी दाखल्याचा नमुना बदलून ‘काही सोयी केल्यास कामास योग्य होऊ शकेल’ असा एक पर्याय घातला गेला आणि त्याखाली टप्प्याटप्प्याने परतणे, वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे, जागेत सुधारणा करणे अशी चार घरे छापली गेली. चार चौकोनी घरे ही मोठी गोष्ट वाटणार नाही. पण ज्याने केमोथेरपीनंतरचा थकवा अनुभवला आहे, जो विश्रांतीने जात नाही, ज्याला वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागली आहे आणि रोजच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवलेले नाही, त्याला त्यांचे मोल कळेल. निरनिराळ्या देशांतील ३६ अभ्यासांवरून २००९ साली असे दिसून आले होते की कर्करोगातून वाचलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के बेकार होते, तर तशाच निरोगी लोकांत हे प्रमाण १५ टक्के होते. या फरकातील बराच भाग चारपैकी एखाद्या घरात खूण करून भरून काढता आला असता, असे माझे अनुमान आहे.

माझ्या बाबतीत घडले ते असे. रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका रजा-हिशेबात माझ्याकडून चूक झाली. चोवीसऐवजी बेचाळीस दिवस लिहिले गेले. ती दाखवून देताना वरिष्ठांनी आवाज चढवला नाही, उलट मृदू स्वरात म्हणाले, ‘बाई, तुमचे आधीचेही काही होते ना? झेपत नसेल तर सांगा.’ मला मेजावरच रडू फुटले, आणि त्या रडण्याने त्यांची खात्री पटली. माझे टेबल काढून आवक-जावक नोंदीचे काम दिले गेले. महिन्याभराने रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठाच्या खाली होते. रक्तक्षय होता तो, विषाद नव्हता. त्या गृहस्थांच्या मनात वाईट हेतू नव्हता हे मी आजही मानते. त्यांच्यासमोर दोन कागद होते आणि त्यांनी सोपा कागद वाचला.

या पुस्तकातील लेखकांनी लिहिलेले वाचताना मला एक गोष्ट अनपेक्षितपणे आढळली. ज्यांना आधी मनोविकार झाला होता, त्यांतील कित्येकांना परतण्याची कला इतरांहून अधिक अवगत होती. औषध वेळेवर घेणे, झोपेला देवासारखे जपणे, चांगल्या दिवशी अंगावर जास्त काम न घेणे, कोणत्या तीन माणसांना खरे सांगायचे हे आधी ठरवून ठेवणे, ही शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. वर्तमानपत्रांना कर्करोगाशी ‘झुंज’ देणारे आवडतात, आणि लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९७८ सालीच या लष्करी भाषेतला धोका दाखवूनही ती सुटलेली नाही. विषादातून उठलेल्या माणसाला झुंजीची भाषा परकी असते. तो एक दिवस काढतो, मग दुसरा काढतो. सहा महिन्यांनी येणारी तपासणी, तिच्या आधीचा निद्राहीन पंधरवडा आणि नंतरचा सैलपणा, हे चक्र त्याच्या ओळखीचे असते.

लेखकांची नावे दिलेली नाहीत, गावेही बदललेली आहेत, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे कथन ऐकून उतरवले आहे. अखेरचे कथन दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत रोजंदारी करणाऱ्या बाईंचे. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांचे भान हरपले होते. घरच्यांनी ‘बाहेरचे झाले’ म्हणून वर्षभर अंगारे लावले, मग एका आरोग्यसेविकेने त्यांना डॉक्टरकडे नेले. पंधरा वर्षांनी छातीत गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि उजव्या हाताला सूज राहू लागली. त्यांना रजा नव्हती आणि दाखलाही कोणी मागितला नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर मंडपाखाली दिवसभर हात वर करून मण्यांची विरळणी करावी लागते, ती त्यांना जमेना, तेव्हा टोळीतल्या बायकांनी मुकादमाला सांगून त्यांना पॅकहाऊसमध्ये खाली बसून घड निवडण्याचे, डागी मणी कात्रीने काढण्याचे काम मिळवून दिले. रोज आधीपेक्षा कमी पडतो. पण सुजलेला हात टेकायला त्यांनी घरून एक उशी नेली आहे, आणि हंगाम सरला की ती उशी पॅकहाऊसच्या फळीवर, त्यांच्या जागेपाशी, पुढल्या जानेवारीपर्यंत तशीच ठेवली जाते.